एकदांडीचा बंदोबस्त

विलायतेत स्थायिक झालेली कोकणची मंडळी सुटीत गावी आली म्हणजे तिकडच्या हिरवळीत माजणाऱ्या डँडेलियन नामक पिवळ्या फुलाची तक्रार मोठ्या तन्मयतेने सांगतात. परंतु ज्या ओट्यावर बसून ती सांगतात, त्याच घरापुढे, खळे मोडून हौसेने केलेल्या लॉनमध्ये, त्याच कुळातील एकदांडी निर्वेधपणे फुललेली असते, हे त्यांच्या गावीही नसते.

उष्ण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती आमच्या मुलखात इतकी रुळली आहे की, जखमेवर तिचा पाला चुरडून लावणारी वृद्ध मंडळी तिला परकी म्हणू धजणार नाहीत. लांब, लवदार दांड्याच्या टोकाला पिवळ्या चकतीभोवती मोजक्या फिकट पाकळ्यांचे एकच फूल. ते सुकले की प्रत्येक बियाला केसांचा झुबका फुटतो आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर ते कुंपणाची हद्द न जुमानता पलीकडे उतरते. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी तिथे काय करणार! शिवाय तिच्या लोळत्या फांद्या पेऱ्यापेऱ्याशी मुळे धरतात, त्यामुळे यंत्राने वरवर केलेली छाटणी तिला बाधत नाही.

पूर्वी पाऊस सरल्यावर खळे खणून, पाणी शिंपून, चोपण्याने ठोकून शेणाने सारवीत. त्या घट्ट भुईत तणाला थारा कुठला? आता जांभ्यावरच्या वीतभर मातीत गवत विरळ होते, आणि मोकळी पडलेली जागा एकदांडी कब्जात घेते. दुकानदार सुचवितात ते टू-फोर-डी गवत राखून रुंद पानांचे तण मारते, हे खरे. पण त्याचे तुषार शेजारच्या वांगी-मिरचीवर जातात आणि सच्छिद्र कातळाखालची विहीर चार पावलांवरच असते. घरच्या अंगणात ही तजवीज मला साफ नामंजूर आहे.

तिचे बी उजेडात, पृष्ठभागावरच रुजते. खोल गाडलेले सहसा वर येत नाही. तेव्हा गवत फार आखूड कापू नये, आणि उघड्या जागी, खारे वारे सोसणारी आपली हरळीच पेऱ्यांसकट लावावी. नवरात्रापूर्वी, जमीन ओली आहे तोवर, एकदांडी खुरप्याने मुळासकट काढावी. मात्र फुलावर आलेली झाडे खताच्या खड्ड्यात न टाकता वाळवून न्हाणीच्या चुलीत घालावीत.