घेताना, ठेवताना, टाकताना

मुनींच्या आचारात पाच समिती सांगितल्या आहेत : ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग. चालणे, बोलणे, आहार स्वीकारणे, वस्तू उचलणे-ठेवणे आणि टाकाऊचे विसर्जन करणे या रोजच्याच क्रिया. परंतु त्या सावधपणे घडल्या तरच अहिंसा पाळली जाते. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते, ती याच कारणाने. श्रावकांच्या घरांनी हा यत्नाचार पाणी गाळताना, धान्य निवडताना पिढ्यान्पिढ्या सांभाळला. आता त्याच घरांतील मुले-मुली रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानातील संशोधनासाठी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जात आहेत. पेढीवर बसलेल्या वडिलांना वसतिगृहातील भोजनाची चिंता असते. आपले मूल दिवसभर कोणत्या पदार्थांना हात लावते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

आदान-निक्षेपण म्हणजे उचलणे आणि ठेवणे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात 29 डिसेंबर 2008 रोजी, नाताळच्या सुटीच्या दिवसांत, 23 वर्षांची एक संशोधन सहायक हवा लागताच पेट घेणारे एक द्रवरूप रसायन सिरिंजने काढून घेत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, द्रव सांडला आणि अंगावरील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. तिने अ‍ॅप्रन घातलेला नव्हता. आपत्कालीन शॉवर त्याच प्रयोगशाळेत होता. गोंधळात त्याचा उपयोग झाला नाही. 18 दिवसांनी तिचा मृत्यू झाला. कृत्रिम धागा जळताना वितळतो आणि त्वचेला चिकटतो, हे कापडाचा व्यापार करणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको. अ‍ॅप्रन, संरक्षक चष्मा, बंद बूट आणि बांधलेले केस हे प्रयोगशाळेचे पहिले नियम आहेत. शॉवर, डोळे धुण्याची सोय आणि अग्निशामक कोठे आहेत, हे विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी स्वतः जाऊन पाहिले पाहिजे. धोक्याची क्रिया आधी निरुपद्रवी द्रवावर, जाणत्याच्या देखरेखीखाली करून पाहावी.

भाषा समितीचा संबंध प्रयोगशाळेशी कसा, असे कोणालाही वाटेल. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी 2010 मध्ये दोन विद्यार्थी एका स्फोटक संयुगावर काम करीत होते. असे संयुग एका वेळी 100 मिलिग्रॅमपेक्षा अधिक तयार करू नये, ही मर्यादा तेथे ठरलेली होती. परंतु ती तोंडी होती, कोठेही लिहिलेली नव्हती. सर्व चाचण्यांना एकाच घाण्याचा नमुना पुरावा म्हणून त्यांनी सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे शंभरपट, संयुग तयार केले. थोरल्या विद्यार्थ्याने ते खलात घोटले, चष्मा काढला आणि तो बाजूला झाला. पुन्हा एकदा ढवळावे असे वाटून तो परत आला. चष्मा मात्र त्याने पुन्हा लावला नाही. स्फोटात त्याची तीन बोटे गेली आणि डोळ्याला इजा झाली. उधारी तोंडी ठेवली तर व्यवहार बुडतो, हे जाणणाऱ्या समाजाला या घटनेचे मर्म लगेच कळेल. मर्यादा लिहिलेली हवी, सर्वांना सांगितलेली हवी. आणि परिग्रहाचे परिमाण जसे सोयीसाठी वाढवायचे नसते, तसे तेही वाढवता कामा नये.

उत्सर्ग समितीचा धडा तर थेट बाजारपेठेतला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक किरणोत्सर्गी उपकरण 1985 पासून वापराविना पडून होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ते भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. कोबाल्ट-60 ची तीव्रता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षे लागतात. पंचवीस वर्षांनंतरही ते घातकच होते. उपकरण फोडणाऱ्यांना आपण काय हाताळतो याची कल्पना नव्हती. एक तुकडा तर एका दुकानदाराच्या पाकिटात सापडला. अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. चूक झाली विद्यापीठात, आणि तिची किंमत मोजली भंगार फोडणाऱ्या निरपराध हातांनी. म्हणूनच रसायनांचा टाकाऊ भाग बेसिनमध्ये ओतायचा नसतो. तो प्रकारानुसार वेगळ्या डब्यांत, नाव आणि तारीख लिहून ठेवायचा असतो. नाव नसलेली बाटली पुढच्या माणसासाठी सापळा ठरते.

जैन विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींकडे लक्ष हवे. उकळलेल्या पाण्याची बाटली जवळ बाळगण्याची सवय चांगली आहे. पण ती बाटली आणि घरचा डबा प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच राहिला पाहिजे. आत काहीही खाऊ-पिऊ नये आणि बाहेर आल्यावर हात धुतल्याशिवाय अन्नाला शिवू नये. दुसरी गोष्ट उपवासाची. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात निर्जल उपवास असेल, तर त्या दिवशी ज्वालाग्राही द्रव, आम्ल किंवा गॅसच्या सिलिंडरशी संबंधित काम हाती घेऊ नये. मार्गदर्शकांना तसे मोकळेपणाने सांगावे आणि तो दिवस वाचन-लेखनाला द्यावा. ग्लानी येऊन हातातील पात्र निसटले तर शेजारच्याचाही घात होईल. तपाचे पुण्य अशा प्रमादाची भरपाई करू शकत नाही.

रात्री एकट्याने धोक्याचा प्रयोग करू नये, हा नियम संशोधनाच्या घाईत सर्वाधिक मोडला जातो. प्रबंधाची मुदत आणि मार्गदर्शकाची अपेक्षा यांच्या दडपणाखाली विद्यार्थी गप्प राहतो. येथे घराची जबाबदारी सुरू होते. रविवारच्या फोनवर जेवलास का, एवढे विचारून थांबू नये. सोबत कोण असते, चष्मा लावतेस का, धुरासाठी फ्यूम हूड चालू असते का, हेही आईवडिलांनी विचारावे. त्यांना रसायनशास्त्र कळण्याची आवश्यकता नाही. सहा महिने उशिरा मिळालेली पदवी घराला चालेल, हे मुलाने त्यांच्या तोंडून एकदा ऐकले, तर नको त्या कामाला नाही म्हणण्याचे बळ त्याला मिळेल.