दारूगोळ्याची विद्या आणि मुदतीचा कामगार

सैन्य पोटावर चालते, ही म्हण जुनीच. त्या पोटाची व्यवस्था पाहणाऱ्यांना सेना बंगळूर व सिकंदराबाद येथील केंद्रांतून शिकविते. परंतु तेथे शिकलेला जवान जी काडतुसे मोजून आघाडीवर धाडतो, ती घडविण्याची विद्या आमच्या खानदेशात आहे. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची. वरणगावची, चीनच्या युद्धानंतरची, १९६४ ची. कापूस-केळीच्या या मुलखात आय.टी.आय. झालेल्या जळगाव-धुळ्याच्या पोराला आणखी मोठे कारखाने आहेत तरी किती?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारने देशातील ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकले. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेले, भुसावळ यंत्र इंडियाकडे. कामगारांनी संपाची हाक देताच ३० जूनला अध्यादेश निघाला होता, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला: संप केल्यास एक वर्षापर्यंत कैद. कायदा वर्षापुरताच होता, हे समर्थक मोठ्या समाधानाने सांगतात. तेवढ्या अवधीत मालक बदलून झाला, हे मात्र सांगत नाहीत!

त्याच म्युनिशन्स इंडियाच्या चांदा व भंडारा येथील कारखान्यांनी शिकाऊ उमेदवारी पुरी केलेल्यांना धोक्याच्या इमारतींतील कामासाठी मुदतीच्या करारावर बोलाविले. भंडाऱ्यात २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात किमान आठ जणांचा बळी गेला. स्फोटाला कायम व कंत्राटी हा भेद कळत नाही. तो केवळ कंपनीच्या हिशेबवहीला कळतो. वरणगावात शिकलेल्या प्रत्येक हाताला कायम नेमणूक मिळेल काय, याचे उत्तर संरक्षणमंत्र्यांनी संसदेत द्यावे.