उसाची बाटली स्वयंपाकघरात नको



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, बेणे आणि हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेस विषय झुरळांचा आहे. "शेती खात्याला आता घरातली झुरळं मोजायचं काम लागलं काय?" असे कुणी म्हणेल. खुशाल म्हणावे. पण आमच्याच घरात जे घडले, ते सभासदांपुढे मांडणे आम्हाला कर्तव्य वाटते.

आम्ही कळंब्यात राहतो. जिथे पूर्वी ऊस डोलायचा तिथे आता घराला घर लागून वस्ती झाली आहे. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या ओट्याखाली झुरळांनी ठाणे मांडले. घरातून रोज तक्रार. दुकानातला फवारा मारून झाला, खडूच्या रेघा ओढून झाल्या. शेवटी पडवीत हुमणीसाठी आणलेल्या बाटलीत थोडे औषध उरले होते, ते आठवले. म्हटलं, जमिनीतली हुमणी मरते, तिथं झुरळाची काय कथा! अंदाजाने बादलीत कालवले आणि ओट्याखाली, फडताळामागे, मोरीत मारले. बाहेर पाऊस, म्हणून खिडक्या बंद. रात्री दहाच्या सुमारास आईला मळमळू लागले, घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "मारलं कुठलं औषध? बाटली आणलीय का?" बाटली नेली नव्हती. पुन्हा घरी पळावे लागले.

आई बरी झाली. पण गावोगाव सभा घेऊन फवारणीची काळजी शिकवणारा माणूस स्वतःच्या घरात ती विसरला, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही.

ही चूक आमच्या एकट्याची नाही. अमेरिकेत 1994 साली ओहायो राज्यात आणि 1996 साली मिसिसिपी राज्यात असे उघडकीस आले की, झुरळे मारण्यासाठी शेकडो घरांत मिथाईल पॅराथिऑन फवारले गेले होते. हे कपाशीवरचे औषध. उघड्या शेतात ऊन-वाऱ्याने ते काही दिवसांत विरते, पण घरात ऊन नाही, पाऊस नाही, त्यामुळे भिंतीत, फरशीत, गाद्यांत ते दीर्घकाळ टिकून राहिले. सरकारला माणसे दुसरीकडे हलवावी लागली आणि घरे साफ करण्यास अफाट खर्च आला. फवारणाऱ्यांकडे परवाना नव्हता. 'स्वस्तात काम करतो' एवढीच त्यांची लायकी होती. हेच औषध आपल्या देशात 2018 साली बंद झाले.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जिव्हारी लागणारे आहे. 2013 साली बिहारात सारण जिल्ह्यातील एका शाळेत दुपारच्या जेवणातून 23 मुले दगावली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे औषध आढळले. शेताचे विष आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक दार असते. ते दार एकदा उघडे राहिले की काय होते, हे यावरून समजावे.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. झुरळे दिसली की लगेच माणूस बोलवावा काय? आमचे मत आहे, नाही. उसात एक कीड दिसली म्हणून आपण पंप उचलत नाही. आधी फड फिरतो, मोजतो, नुकसानीची पातळी बघतो. घरातही तोच न्याय लावावा.

प्रथम झुरळ ओळखा. मोठे, तांबूस, दीड इंचाचे झुरळ गटारातून आणि मोरीतून येते. पावसाळ्यात असे एखाद-दुसरे दिसले तर घाबरू नये. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, नळाच्या पाइपाभोवतीची फट सिमेंटने बुजवा, भागते. दुसरे लहान, अर्ध्या इंचाचे, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळे पट्टे असलेले. खरे दुखणे हे. याला जर्मन झुरळ म्हणतात, पण नावावर जाऊ नका. याचे मूळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या आपल्या अगर ब्रह्मदेशाच्या बाजूचे असावे, असे शास्त्रज्ञांनी 2024 साली दाखवून दिले आहे. याच्या मादीच्या एका अंडपुडीत 30 ते 40 अंडी असतात आणि दोन-तीन महिन्यांत ती पिल्ले स्वतः अंडी घालू लागतात. खोडकिडीच्या पिढ्या कशा वाढतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा हिशेब वेगळा सांगायला नको.

मोजणीही सोपी आहे. रात्री अकराला स्वयंपाकघराचा दिवा एकदम लावा आणि पळणारी झुरळे मोजा. चिकट सापळे मिळतात, ते ओट्याखाली आणि फ्रीजमागे ठेवा व दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा. त्याचबरोबर गुळाचा रवा उघडा ठेवू नये, खरकटे रात्री राहू देऊ नये, गळका नळ दुरुस्त करावा, जुन्या पुठ्ठ्यांचा व पोत्यांचा ढीग काढून टाकावा. फटीत आणि बिजागरीशी घरगुती वापराच्या जेलचे तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके द्यावेत. झुरळ ते खाऊन लपणीत जाऊन मरते आणि त्याला खाणारी दुसरीही मरतात. जेलवर फवारा मात्र मारू नका, झुरळे त्या जागी फिरकत नाहीत आणि जेल वाया जाते.

एवढे करून महिनाभर थांबा. त्यानंतर पुढीलपैकी काही दिसले, तर घरच्या घरी खेळत बसू नये, जाणकार माणूस बोलवावा. दिवसाउजेडी झुरळे फिरू लागली, म्हणजे लपायच्या जागा भरल्या. लहान-मोठी सगळ्या वयाची एकत्र दिसली, म्हणजे घरात पैदास चालू आहे. स्वयंपाकघर सोडून झोपायच्या खोलीत, कपाटात, टीव्हीमागे आली, म्हणजे पसरली. सापळ्यातला आकडा महिन्यानंतरही उतरत नाही, म्हणजे तुमचा उपाय पुरा पडत नाही. आणि भिंतीला भिंत असलेल्या घरांत शेजाऱ्याकडेही तोच त्रास असेल, तर एकट्याने केलेला खर्च पाण्यात जातो. तिथे सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी काम करून घ्यावे.

घरात दम्याचा पेशंट असेल तर उशीर करू नये. 1997 साली अमेरिकेतील शहरांत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्या दमेकरी मुलांना झुरळांची अॅलर्जी होती व ज्यांच्या खोलीत ती भरपूर होती, त्यांना इतर मुलांपेक्षा तिपटीहून अधिक वेळा दवाखान्यात ठेवावे लागले. झुरळ चावत नाही म्हणून ते निरुपद्रवी, हा समज सोडून द्यावा.

माणूस बोलवताना परवाना बघा. कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे या धंद्याला परवाना लागतो. त्यासाठी शेतीची अगर रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी आणि मान्य संस्थेतील किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण अशी अट आहे. आमच्याकडे शेतीची पदविका आहे. म्हणजे वीस वर्षे उसात घालवूनही हा परवाना आम्हाला मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. औषधाचे नाव विचारा, डबा बघा, भांडी-अन्न कसे झाकायचे ते विचारा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येणार का तेही ठरवा. कारण अंडपुडीतली पिल्ले पहिल्या फवाऱ्यातून वाचतात. "एकदाच मारतो, वर्षभर बघायला नको" म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

कुणी म्हणेल, "एवढे पैसे झुरळावर कोण घालवणार? बाटली तर घरातच आहे." आम्हीही हेच म्हणालो होतो. बाटलीत राहिलेल्या औषधाची किंमत फार तर शेपन्नास रुपये असेल. त्या रात्रीचा दवाखान्याचा हिशेब आम्ही इथे देत नाही, कारण आईच्या जीवाचा हिशेब पैशांत होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. शेतीचे औषध घराबाहेर, कुलपात ठेवावे. लेबलावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. मोकळी बाटली कधीही तेला-पाण्याला वापरू नये. काही विपरीत झालेच तर 108 ला फोन करावा आणि लेबलासह डबा बरोबर न्यावा. तसेच प्रत्येक गट ऑफिसात परवानाधारक कीड नियंत्रकांची यादी लावावी, अशी विनंती आम्ही संचालक मंडळाकडे करीत आहोत. बेणे आणि खत सभासदाच्या बांधावर पोचवणाऱ्या कारखान्याला एवढे अवघड नाही.

उसाचे औषध उसाला. घराला घरचे. एवढे पथ्य पाळले तरी या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

— ऊस विकास अधिकारी