टायर रोटेशन: वाचते काय आणि लपते काय

‘टायर रोटेशन करा, टायरचे आयुष्य वाढेल’ हे वाक्य देशभरातील गॅरेजांत मंत्रासारखे म्हटले जाते. हा निव्वळ पैसे उकळण्याचा उद्योग आहे, असे मानणारा दुसरा पंथही आहे. हिशेब मात्र दोघांनीही मांडलेला दिसत नाही.

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. गाडी ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा मोठा भार पेलणे ही कामे त्यांचीच. म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीसाठी किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. म्हणजे झिजायला उरतात 6.4 मिलिमीटर.

समजा, दर हजार किलोमीटरला पुढचे टायर 0.2 आणि मागचे 0.1 मिलिमीटर झिजतात. अदलाबदल न केल्यास पुढची जोडी 32,000 किलोमीटरला संपते, मागची 64,000 ला. तेवढ्या अंतरात पुढे चार, मागे दोन, असे सहा टायर लागतात. नियमित अदलाबदल केल्यास सरासरी झीज 0.15 मिलिमीटर होते आणि चारही टायर सुमारे 42,700 किलोमीटर चालतात. 64,000 किलोमीटरला लागतो दीड संच, म्हणजे पुन्हा सहाच टायर! झीज वाचत नाही, वाटली जाते.

मग रोटेशन व्यर्थ आहे का? मुळीच नाही. चारही टायरची पकड जवळपास सारखी राहते, आणि वळणांवर झिजलेल्या एका कडेपायी अख्खा टायर टाकून देण्याची वेळ लांबते. लाभ एवढाच, पण तो खरा आहे.

हानी होते ती निदानाशिवाय केलेल्या अदलाबदलीने. एकच कड झिजणे हे बहुधा बिघडलेल्या अलाइनमेंटचे लक्षण असते. दोन्ही कडा झिजणे कमी हवेचे, तर मधला पट्टा झिजणे जास्त हवेचे. दोष तसाच ठेवून टायर हलवला, तर पुरावा मागे जातो आणि त्या जागी आलेला दुसरा टायरही बिघडतो. शिवाय चारही टायर एकदमच गोटा होतात. ते ऐन पावसाळ्यात घडले, तर खाचांतून पाणी बाहेर फेकले जात नाही आणि वेगातील गाडी पाण्यावर तरंगू लागते.

म्हणून रोटेशनआधी प्रत्येक टायरची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला मोजून ते आकडे बिलावर लिहिले जावेत. आकड्यांविना केलेले रोटेशन म्हणजे रोग न तपासता केवळ रुग्णाची खाट बदलणे होय.