संकर निर्दोष, नाव मात्र चोरीचे

कोंबड्यांच्या संकराविषयी आपल्या मंडळींत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष गीतेच्या पहिल्या अध्यायातील अर्जुनाची कुळाविषयीची चिंता थेट खुराड्यापर्यंत नेतो आणि संकर म्हणजे पाप, असा निवाडा देतो. दुसरा पक्ष संकरालाच प्रगती समजून गावठी कोंबडी निकालात काढतो. माझ्या मते दोघांनीही वादाचा खरा मुद्दा चुकविला आहे.

पहिल्या पक्षास माझा एकच प्रश्न आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने सिद्ध केलेली ‘वनराजा’ परसात उकरून खाते, दिसावयास गावठीसारखीच रंगीत असते, आणि अंडी व मांस दोन्ही गावठीहून अधिक देते. गरिबाच्या घरी चार अंडी जास्त आली, तर धर्म कोठे बुडाला?

दुसऱ्या पक्षाने हेही ध्यानी घ्यावे की, वनराजा सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी उबवावयास गावठीच कोंबडी लागते. शिवाय संकराचा जोम पहिल्या पिढीपुरता. पुढील पिढीत गुण विखुरतात. गावठी नाहीशी झाली की घरधनीण पिलांसाठी कायमची विक्रेत्याची मिंधी झाली. आणि मूळ जातीच उरल्या नाहीत, तर उद्याचा संकर कशाचा करणार?

खरा अपराध याहून निराळा आहे. इंदूरकरांच्या शेजारी झाबुआच्या भिल्ल-भिलाला कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला कडकनाथ पाहा. त्याचा काळेपणा प्रबळ गुण असल्याने संकराची कित्येक पिलेही काळीच निपजतात, आणि तीच अस्सल म्हणून खपविली जातात. काळे पीस हा कुळाचा पुरावा नव्हे. कडकनाथाचे अंडे काळे असते, ही समजूतही खोटी. ते फिकट तपकिरी असते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथास भौगोलिक मानांकन मिळाले खरे, परंतु ती नोंदणी मांसाची आहे. पिलाच्या वंशाची हमी तिच्यात शोधू नये.

म्हणून मागणी एवढीच की, पिले विकणाऱ्याने आईबापांची जात पावतीवर लिहून द्यावी. संकरास संकर म्हणून खुशाल विकावे. ज्यांनी मूळ वंश राखला, त्यांच्या नावावर दुसऱ्याने पैसा करणे यास कायद्याच्या भाषेत काहीही म्हणा. साध्या मराठीत ती चोरीच होय.