क्लॅरिनेटमधले शब्द

गेल्या वैशाखात मलंगगडाच्या वाटेवरच्या एका गावात हळदीला गेलो होतो. मांडवात धवलारीण बसली होती. सत्तरीची बाई, गुडघ्यांमुळे पाटाऐवजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. ती धवला म्हणत होती, पण बाहेर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे तिचे नुसते ओठ हलताना दिसत. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणजे शोभेचे गाणे नव्हे. कुठल्या देवाला आवतण द्यायचे, आता कुठला विधी, हे त्यातूनच पुढे सरकते. नवऱ्याची आई दर वेळी तिच्या तोंडाशी कान नेत होती.

स्पीकरवर काय चालले होते? तिने दगा दिला, आता बाटलीच माझी सोबतीण, अशा आशयाचे गाणे. नवरदेव ओल्या हळदीने त्यावर नाचत होता. डीजेवाल्या पोराला म्हटले, ‘‘अरे, लग्न आहे ना इथे?’’ तो म्हणाला, ‘‘काका, शब्द ऐकतंय कोण? बीट बघा.’’

पोराला हसण्यात अर्थ नाही. हेच मत आमच्याकडचे जाणकार सोवळे नेसून मांडतात: बंदिशीचे शब्द म्हणजे सूर टांगायची खुंटी. ख्यालापुरते असेलही तसे. पण लोकांच्या तोंडी बसलेले गाणे म्हणजे ख्याल नव्हे. खात्री करायची तर सकाळी कल्याणहून सीएसएमटीची लोकल धरा आणि भजनी मंडळाच्या डब्यात शिरा. एखादा हौशी बुवा अभंगाला सिनेमातल्या कॅब्रेची चाल लावतो. टाळ तेच, विठ्ठल तोच. तरी दोघेचौघे गालात हसतात, कारण अभंगाखालून मूळचे शब्द डोके वर काढतात. चाल शब्दांपासून मोकळी असती तर हसू कशाचे आले?

यावर एक खरा आक्षेप आहे. पाठवणीला बँडवाला क्लॅरिनेटवर ‘गंगा जमुना’ वाजवतो, तेव्हा शब्द नसतातच. तरी बायका रडतात. मग काम चालीचेच ना? वसंत प्रभूंची चाल मोठी आहे, वाद नाही. पण त्याच बँडवाल्याला तितकीच संथ, तितकीच करुण, पण कुणी कधी न ऐकलेली चाल वाजवायला सांगा. वऱ्हाडी पंगतीची चौकशी करू लागतील. पी. सावळारामांचे शब्द क्लॅरिनेटमध्ये नसतात, ते मावशीच्या घशात दाटलेले असतात.

बीटवाल्यांना 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीलाही हाच प्रश्न विचारावा. भीमगीते लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी. त्यांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत ती काय ठेक्यामुळे? कल्याणचे प्रल्हाद शिंदे भीमगीतही गायचे आणि पंढरीच्या वाटेचे गाणेही. आवाज तोच, पहाडी. एका गाण्याला माणसे मूठ वळतात, दुसऱ्याला हात जोडतात. हा फरक कुणी केला?

शब्दांना एवढे बळ आहे म्हटले की दुसरी फळी लगेच पुढे सरसावते: मग घाणेरडी गाणी बंदच करा, समिती नेमा. ही मंडळी मला डीजेवाल्याहून जास्त अवघड वाटतात. 1952 मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीताला हुसकावले. लोकांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि 1957 मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आणि घाणेरडे म्हणजे काय? शिमग्याला होळीभोवती जी बोंब ठोकतात ती कुठल्या समितीत पास होईल? लग्नात विहिणीला जे टोमणे बसतात ते? 1955 मध्ये पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायण लिहायला घेणाऱ्या गदिमांनीच 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’साठी लावणीही लिहिली. त्यांनी फडावरच्या बाईच्या तोंडी सीतेचे बोल घातले असते, तर ते सोवळे झाले असते आणि फसले असते.

संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याचा प्राण औचित्यात आहे म्हटले ते यासाठीच. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला बांधला तर लोक हसतील, असा त्याचा दाखला आहे. कमरपट्ट्यात खोट नाही; तो बांधायची जागा चुकली. हळदीतल्या त्या गाण्यातही शिवी नव्हती. कुठल्याही समितीने ते पास केले असते. नवरा उभा राहण्याआधीच नवरीला दगाबाज ठरवणारे गाणे मला मात्र शिमग्याच्या बोंबेपेक्षा जास्त ओंगळ वाटते. तेराव्या शतकात महानुभाव कवयित्री महदंबेने धवळे गायिले तेही लग्नाच्या निमित्ताने, रुक्मिणीच्या लग्नाचे. प्रसंगाला शब्द शोधायची रीत इतकी जुनी, आणि आपण ती एका पेनड्राइव्हवर सोडून दिली.

रात्री दहाला नियमाप्रमाणे स्पीकर बंद झाले. धवलारणीचा आवाज पहिल्यांदा मांडवाबाहेर आला. बायकांनी ओळ उचलली आणि म्हातारीने विहिणीचे नाव घेऊन तिच्या चुलीची, तिच्या मिजाशीची अशी काही हजेरी घेतली की मांडव खिदळला. डीजेवाला पोरगा केबल गुंडाळत होता. हात थांबवून त्याने शेजारच्याला विचारले, ‘‘काय बोलली रे आजी?’’