न्यायासन आणि मागणारा हात

महाराष्ट्रात कनिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश परीक्षा आणि मुलाखत देऊन आसनावर येतो. मतदाराच्या दारी जाण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. अमेरिकेतील रीत निराळी आहे. तेथील ३९ राज्यांत काही न्यायाधीश मतपेटीतून निवडले जातात. निवडणूक म्हटली की पत्रके आली, फलक आले आणि त्यांचा खर्चही आला. देणगी देणाऱ्यांत त्याच न्यायालयात उद्या उभे राहणारे वकील आणि पक्षकारही असू शकतात. पेच येथेच आहे.

२००९ साली फ्लोरिडा राज्यातील हिल्सबरो काउंटीत लनेल विल्यम्स-युली या वकील महिला न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःच्या सहीचे पत्र अनेकांना पाठवून २५ ते ५०० डॉलरपर्यंत देणगीची विनंती केली. फ्लोरिडाचा नियम मात्र असा, की अशा उमेदवाराने स्वतः पैसा मागू नये. त्यासाठी समिती नेमावी. पद तर मिळाले नाहीच, उलट वकील संघटनेने त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई केली. जाहीर ठपका आला आणि कारवाईचा खर्चही भरावा लागला.

मत मागता येते, मग देणगी मागणे हेही अभिव्यक्तिस्वातंत्र्यच नव्हे काय, असा प्रश्न घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. समितीने मागितले तरी देणाऱ्यांची नावे उमेदवाराला कळतात, तो आभाराचे पत्रही लिहू शकतो; मग भेद उरला कोठे, हा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद वजनदार होता. २९ एप्रिल २०१५ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नियम कायम केला. राजकीय पुढाऱ्याने पाठीराख्यांचे ऐकावे, हे अपेक्षितच असते. न्यायाधीशाने तसे करू नये, ही सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालपत्राची बैठक होती.

हा भेद व्यापाऱ्याला ग्रंथ न उघडताही उमगतो. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आलेल्या कार्यकर्त्याला ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणता येते. ज्याच्या मेजावर आपले प्रकरण पडले आहे, तोच हात पुढे करील, तर नकार ओठांवर येत नाही. दिलेले दान त्या क्षणी दान राहत नाही. आणि न दिल्याची धास्ती तर वहीत कोठेच मांडता येत नाही.

नियमाने सारे दोष धुतले जात नाहीत. देणगीदारांची यादी उमेदवाराच्या नजरेस पडतेच. तरीही खटला हरलेला मनुष्य घरी परतताना ‘माझी बाजू लंगडी होती’ असे म्हणतो, की ‘मी पैसे दिले नव्हते’ असे म्हणतो, यावर न्यायालयाची पत ठरते. पेढीची पत गेली तर एक घर बुडते. न्यायासनाची गेली तर साऱ्या बाजारातील शब्दाचे मोल जाते.